एका नमस्काराची किंमत

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. तेथून आत वळणारी वाट बालाघाटच्या डोंगरकुशीत उतरते आणि कपिलधारेला पोहोचते. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी शुभ्र धार, भोवती हिरवी झाडी आणि धारेच्या सान्निध्यात वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी असे हे स्थान. कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्याच्या गावोगावांहून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या पायी चालत येतात. वाटेवरच्या गावांत त्यांना पाणी दिले जाते, पंगती बसतात. त्या गर्दीत एक अभिवादन वारंवार कानी पडते : एकजण ‘शरणु’ म्हणतो आणि दुसरा ‘शरणार्थी’ म्हणून उत्तर देतो.

हे अभिवादन कानांना गोड वाटते. परंतु त्यामागे आठशे वर्षांपूर्वीचा एक रक्तरंजित इतिहास उभा आहे, याची जाणीव ते उच्चारणाऱ्यांपैकी कितीजणांना असेल? आणि आपण कॅथॉलिक कुटुंबांनी तो इतिहास का जाणून घ्यावा? शिष्टाचाराचा विषय निघाला की आपल्याला काटे-चमचे, अभिनंदनाची कार्डे आणि समारंभाचा पोशाख आठवतो. चांगल्या रीतीभाती म्हणजे मिशनच्या शाळेतून किंवा साहेबाच्या बंगल्यातून आलेली वस्तू, असा आपला एक समज आहे. कपिलधारेची वाट या समजाला छेद देते.

हरळय्याची पादत्राणे

बारावे शतक. आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे तेव्हा कल्याण या नावाने राजधानीचे नगर होते आणि तेथे कलचुरी राजा बिज्जल राज्य करीत होता. महात्मा बसवेश्वर त्याच्या दरबारात मोठ्या अधिकारावर होते. वीरशैव परंपरा सांगते की, एके दिवशी हरळय्या नावाच्या चर्मकार शरणाने वाटेत बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हटले. बसवेश्वरांनी त्याला उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटले. एका नमस्काराच्या बदल्यात त्यांनी दोन नमस्कार दिले होते.

हरळय्या बेचैन झाला. राजाच्या मंत्र्याने आपल्यासारख्याला एक नमस्कार अधिक केला, हे ऋण फेडायचे कसे? त्याने आणि त्याच्या पत्नीने, कल्याणम्मेने, आपापल्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे शिवली. बसवेश्वरांनी ती पायांत घातली नाहीत, मस्तकी धरली. पुढे या हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या कन्येशी झाला. समाजाचा क्षोभ उसळला. बिज्जलाने दोन्ही पित्यांना देहान्त शासन दिले. त्यातून कल्याण नगरीत बंड पेटले, राजाची हत्या झाली आणि शरण दाही दिशांना पांगले.

ही कथा परंपरेची आहे. इतिहासकार तिच्या तपशिलांची छाननी करतात आणि करोत. परंतु तिचा आशय निःसंदिग्ध आहे. मनुष्य मनुष्याला कसा नमस्कार करतो, ही वरवरची बाब नाही. एका अधिकाच्या नमस्काराने समाजाची उतरंड हलू शकते. लिंगायत आचारात पाच प्रकारची सुतके मानली जात नाहीत : जन्माचे, मृत्यूचे, रजस्वलेचे, उष्ट्याचे आणि जातीचे. ही केवळ धर्मतत्त्वे नव्हेत. कोणाच्या घरी जावे, कोणाच्या हातचे खावे, कोणाजवळ बसावे हे ती ठरवतात, म्हणून ती रोजच्या वागण्याचे नियमही आहेत.

शिष्ट कोण?

‘शिष्टाचार’ हा शब्द जुना आहे. शिष्टांचा आचार तो शिष्टाचार. मग शिष्ट कोण? बौधायन धर्मसूत्राने याचे उत्तर दिले आहे. ज्याच्या ठायी मत्सर नाही, अहंकार नाही, जो लोभी नाही, दांभिक नाही, क्रोधी नाही आणि ज्याच्या घरी एका रांजणापुरतेच धान्य साठवलेले आहे, तो शिष्ट. या व्याख्येत ना भरजरी वस्त्रे आहेत, ना मोठा वाडा. रांजणभर धान्यात संतुष्ट असलेला निगर्वी मनुष्य हाच सभ्यतेचा आदर्श होय.

दुर्दैवाने व्यवहारात हा शब्द वरच्या थरांच्या ताब्यात गेला. मराठीतील पत्रव्यवहाराचा इतिहास हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगितली जाणारी ‘मेस्तके’ म्हणजे कारकुनांसाठीच्या मार्गदर्शक पोथ्या होत. कोणाला कोणता मायना लिहावा, हे त्यांत शिकवले जाई. मोडी पत्रांतून ही शिस्त शतकानुशतके चालली. वेदशास्त्रसंपन्न कोणाला म्हणावे, अखंडित लक्ष्मी अलंकृत कोणाला, तीर्थरूप कोण आणि चिरंजीव कोण, याचे नियम काटेकोर होते. नमस्कार कोणाला, आशीर्वाद कोणाला आणि नुसता हुकूम कोणाला, हेही ठरलेले असे. या पद्धतीत आपुलकी होती, यात शंका नाही. पत्राच्या पहिल्या दोन ओळींतच नाते उलगडत असे. लग्नाच्या पत्राला कुंकवाचे बोट लागे. दुःखाची वार्ता आणणारे पोस्टकार्ड कोपऱ्यात फाडलेले असे, म्हणजे वाचणाऱ्याचे मन आधीच सावध होई. किती नाजूक जाण होती ही! परंतु त्याच मायन्यांत प्रत्येकाची पायरीही कायमची कोरलेली होती.

तोंडी अभिवादनाचेही तेच. गावगाड्यात महाराने वरच्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालायचा आणि समोरच्याने तो नुसता स्वीकारायचा, अशी रीत होती. परतफेड न होणारे अभिवादन हे अभिवादन नव्हे. तो जुलमाचा कर होय. विसाव्या शतकात कामठीचे बाबू हरदास यांनी प्रचारात आणलेला ‘जय भीम’ दलित समाजाने उचलून धरला आणि जोहार संपला. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’ असेच येते. वारकरीही एकमेकांना ‘माउली’ म्हणून परस्परांच्या पाया पडतात. अभिवादनाची परतफेड समान मापाने झाली पाहिजे, हा धडा या भूमीने पुनःपुन्हा गिरवला आहे.

पायांवर पाणी

मराठवाड्यातील आतिथ्याचा पहिला विधी पाण्याचा. पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी द्यायचे, मग पिण्यासाठी तांब्या-फुलपात्र आणि गुळाचा खडा, मग बसायला घोंगडी किंवा सतरंजी आणि त्यानंतरच येण्याचे कारण. बीडसारख्या वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यात पाणी देणे म्हणजे घरातील मोलाची वस्तू पुढे करणे होय.

आपल्याला येथे संत लूकचे शुभवर्तमान आठवल्याशिवाय राहत नाही. शिमोन परुशी प्रभूला जेवायला बोलावतो. पण पाय धुवायला पाणी देत नाही, चुंबनाने स्वागत करीत नाही, मस्तकाला तेल लावीत नाही. प्रभू त्याला हे तिन्ही उणेपणे एकामागून एक मोजून दाखवतो. आमंत्रण दिले म्हणजे आदर दिला असे होत नाही, हे तेथे स्पष्ट होते. आणि ज्या स्त्रीला त्या घरात कोणी पाहुणी मानत नव्हते, तिने हा आदर अश्रूंनी पुरा केला, असे तो म्हणतो. याच प्रभूने पुढे शेवटच्या भोजनाच्या रात्री स्वतः कमरेला वस्त्र बांधून शिष्यांचे पाय धुतले. मराठवाड्यातील एखाद्या वृद्धेला या दोन प्रसंगांचा अर्थ कोणा भाष्यकाराने सांगावा लागत नाही.

परंतु याच पाण्याचा दुसरा चेहराही विसरता येणार नाही. पाहुण्याला पायांसाठी पाणी देणारी गावे आपल्याच गावच्या माणसाला पाणवठ्यावर येऊ देत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आतिथ्य जर निवडक असेल, तर ते शिष्टाचाराच्या कसोटीला उतरत नाही.

धर्मगुरूंचे शिष्टाचार-ग्रंथ

ख्रिस्तसभेनेही या विषयाचा खोलवर विचार केला आहे. त्यात प्रकाश आहे, तशी सावलीही आहे.

येशूसंघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४ मध्ये गोव्यात उतरले. पुढे जपानला गेल्यावर त्यांनी १५८१ मध्ये तेथील मिशनऱ्यांसाठी जपानी रीतीभातींवर एक मार्गदर्शिका लिहिली. कोणाचे स्वागत कोठवर पुढे जाऊन करावे, जेवणाच्या वेळी कसे वागावे, हे सारे त्यांनी नोंदवले. प्रत्येक मठात चहाच्या आतिथ्याची सोय असावी, असा त्यांचा आग्रह होता. ज्या देशात जायचे त्याची सभ्यता शिकायची, हा विचार त्या काळी क्रांतिकारक होता. तथापि त्यांनी मिशनऱ्यांचा दर्जा झेन मठांतील भिक्षूंच्या श्रेणींशी जुळवून घेतला आणि त्या सभ्यतेबरोबर तिची उतरंडही स्वीकारली. पुढे १६०६ मध्ये मदुराईस आलेले रॉबर्टो दे नोबिली ब्राह्मणी वेष, आहार आणि आचार पाळून राहिले. १६२३ मध्ये रोमने जानवे, गंध यांसारख्या चिन्हांना मान्यताही दिली. पण वरच्या जातीत मिसळण्यासाठी खालच्या जातीपासून अंतर ठेवण्याची वेळ आली. स्थानिक शिष्टाचार स्वीकारावा हे खरेच. परंतु कोणाचा शिष्टाचार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

याच्या उलट टोक गोव्यात दिसते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा आदेश काढला. १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने ख्रिस्ती घरांतील जुन्या चालीरीतींची लांबलचक यादी करून त्यांवर बंदी घातली. लग्नात विडे-फुले देणे, ओव्या गाणे, अंगणात तुळस लावणे, धोतर आणि चोळी वापरणे अशा कितीतरी गोष्टी त्यात होत्या. पाहुण्याला विडा देणे हा गुन्हा ठरला! नव्या धर्माबरोबर नवा शिष्टाचार सक्तीने लादला गेला. परकी रीत तेवढी सभ्य आणि आपली ती अडाणी, हा जो न्यूनगंड आपल्यात अद्याप रेंगाळतो, त्याची मुळे अशा आदेशांत आहेत.

या दोन्हींहून वेगळी वाट संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांची. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या या फ्रेंच धर्मगुरूंनी १७०३ मध्ये ख्रिस्ती सभ्यतेच्या नियमांवर पुस्तक प्रसिद्ध केले. बसावे कसे, बोलावे कसे, जेवावे कसे, सारे त्यात आहे. परंतु या नियमांचे कारण ते दरबारी डौलात शोधत नाहीत. आपल्या व शेजाऱ्याच्या ठायी परमेश्वराचा वास आहे, म्हणून आदराने वागावे, असे ते सांगतात. सरदारांच्या मुलांपुरती समजली जाणारी सभ्यता त्यांनी कारागिरांच्या मुलांच्या बाकावर आणून ठेवली. हे काम बसवेश्वरांच्या दुसऱ्या ‘शरणु’च्या जातीचे होते.

दोन ग्रंथकार, एक मराठी

मन्मथस्वामी सोळाव्या शतकातील. वीरशैव वचनांची भाषा कन्नड, शास्त्राची संस्कृत. मराठवाड्यातील कुणब्याला, वाण्याला, बायाबापड्यांना ती परकी. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. आजही मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत त्याची पारायणे होतात. त्याच शतकात, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले आणि साष्टीत राहून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण विनयाने विचारतो की, जुनी पुराणे आम्ही सोडली, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? फादर त्याला धुडकावून लावीत नाहीत. प्रश्नाचा मान राखून ते एक संपूर्ण पुराणच त्याच्या हाती ठेवतात.

या दोघांची भेट झाली नाही, दोघांची श्रद्धा वेगळी. तरी दोघांनी एकच सभ्यता पाळली. ऐकणाऱ्याला आपल्या भाषेकडे ओढत न आणता ते स्वतः त्याच्या भाषेपाशी गेले. पाहुण्यासाठी दोन पावले पुढे जाणे याला आपण अगत्य म्हणतो. भाषेतही असे अगत्य असते.

वेदीजवळचा नमस्कार

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी बारा सूचनांना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात कपाळाला लावणे, समई, आरती आणि शांतिचिन्ह म्हणून अंजली या गोष्टींना तिच्यामुळे वाव मिळाला. १७३६ मध्ये ज्या घराच्या उंबऱ्याबाहेर आपल्या रीती काढल्या गेल्या, त्याच घराच्या वेदीजवळ त्या सन्मानाने परत आल्या. आज मिस्सामध्ये शेजाऱ्याकडे वळून आपण हात जोडतो, तेव्हा त्या लहानशा कृतीत केवढा इतिहास सामावलेला असतो!

१९५५ च्या सुधारणेने पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सामध्ये पाय धुण्याचा विधी आणला. त्यासाठी पुरुषांचीच निवड करण्याची अट होती. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने ती सैल झाली आणि स्त्रियांचाही समावेश करण्यास मोकळीक मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना, अस्पृश्यतेचे पाप आपल्या घरातही आहे, ही कबुली दिली. पाय धुण्याचा विधी आणि ही कबुली, दोन्ही एकत्र वाचायला हवीत.

आपल्या अंगणात

मग आज आपण काय करावे? लग्नसराईत आहेराचे आकडे ध्वनिक्षेपकावरून वाचले जातात, तेव्हा शंभराची नोट आणणारा मामा मान खाली घालतो. पुढाऱ्यांच्या सत्कारापायी वधूवर आणि पंगत ताटकळते. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ एवढे छापणाऱ्याने या दुखण्यावर अर्धा इलाज केला आहे. उरलेला अर्धा म्हणजे कोणाला पहिल्या रांगेत बसवावे, हा प्रश्न. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या वस्त्राच्या माणसाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला संत याकोबने आपल्या पत्रात खडे बोल सुनावले आहेत, ते आपल्या सभागृहांनाही लागू पडतात.

व्यवहारातील सभ्यतेचे एक उदाहरण बीडच्याच मातीतील घेऊ. दिवाळी उलटली की या जिल्ह्यातील लक्षावधी हात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची ओळख हत्यारावरून! उचल घेतली म्हणजे जणू नावही गहाण पडले. अशा कुटुंबांचा नाताळ कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत साजरा होतो. फराळाच्या थाळ्या आपण शेजाऱ्यांना मोठ्या हौसेने पाठवतो. एक थाळी त्या कोपीत पोहोचावी आणि देताना तेथल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, ‘अहो’ म्हणावे. यासाठी कोणताही खर्च येत नाही.

नव्या ओळखीत ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! बहुधा उत्तराबरोबर जात शोधली जाते. आधी पाणी विचारावे, मग खुशाली. आडनाव त्याला सांगायचे असेल तेव्हा तो सांगेल. पंगतीत वाढणारी मंडळी आणि उष्टी काढणारी मंडळी दर वर्षी त्याच त्या घरांतील नसावीत. घरकाम करणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवला असेल, तर तो आजच इतर कपांत मिसळावा. भ्रमणध्वनीवर सांत्वनाचे दोन शब्द पाठवून मोकळे होण्यापूर्वी, जुने फाडलेले पोस्टकार्ड वाचणाऱ्याच्या मनाची किती काळजी घेत होते, ते आठवावे आणि जमल्यास पायांनी त्या दारापर्यंत जावे.

कार्तिकात कपिलधारेच्या वाटेवर आपल्या गावातून दिंडी जात असेल, तर दारात पाण्याची घागर भरून ठेवायला आपल्याला कोणता धर्म अडवील? थकलेला यात्रेकरू ओंजळ पुढे करील आणि ‘शरणु’ म्हणेल. आपण त्याला काय उत्तर द्यावे, हे बसवेश्वरांनी आठशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. मिळालेल्या नमस्कारापेक्षा एक नमस्कार अधिक द्यावा. त्याची किंमत कोणी तरी आपल्या कातड्याने मोजली आहे, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.